हरणार हे ठाऊक असताना उमेदवार कसा ठरवतात?

३१ जुलै २०१५ रोजी अमेरिकेतल्या एका राजकीय पक्षाचं राष्ट्रीय अधिवेशन फोनवर भरलं. मांडव नाही, सभागृह नाही, घोषणा नाहीत. ठरलेल्या वेळी मोजक्या सभासदांनी कॉन्फरन्स कॉल जोडला आणि त्यातच राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवून टाकला. उमेदवाराचं नाव जिम हेजेस, राहणार पेनसिल्व्हेनिया. या गृहस्थांनी पूर्वी अमेरिकी मरीन दलाच्या बँडमध्ये ट्यूबा वाजवलेला. ट्यूबा म्हणजे मांडीवर घेऊन वाजवायचं ते भलंमोठं पितळी वाद्य. पुढे ते थॉम्पसन टाउनशिप नावाच्या छोट्या वस्तीत मालमत्ताकराची आकारणी करणारे अधिकारी म्हणून निवडून आले. आपल्याकडे ग्रामपंचायत घरपट्टी ठरवते, साधारण त्या जातीचं काम. तिकडे त्यासाठीही निवडणूक लढवावी लागते.

या पक्षाचं नाव प्रोहिबिशन पार्टी, म्हणजे दारूबंदी पक्ष. स्थापना १८६९ ची, शिकागोतली. डेमोक्रॅट आणि रिपब्लिकन सोडले तर अमेरिकेत आज हयात असलेला हाच सगळ्यांत जुना पक्ष. १८७२ पासून राष्ट्राध्यक्षपदाची एकही निवडणूक त्याने सोडलेली नाही आणि एकाही निवडणुकीत त्याला एकही राज्य जिंकता आलेलं नाही.

मला हा पक्ष फार शिकण्यासारखा वाटतो. मोठ्या पक्षाचा उमेदवार कसा ठरतो ते बघायला गेलं की पैसा, टीव्ही, सर्वेक्षणं यांचाच गलबला दिसतो आणि खरी प्रक्रिया त्याखाली दडून जाते. लहान पक्षात सगळा सांगाडा उघडा असतो. शिवाय तिथे एक प्रश्न टाळता येत नाही: जिंकायची शक्यताच नाही, मग आपल्याला उमेदवार हवाय तो कशासाठी? दारूबंदी पक्षाने या प्रश्नाचं उत्तर दीडशे वर्षांत अनेकदा बदललं, आणि उत्तर बदललं की उमेदवारही वेगळ्या प्रकारचा निवडला गेला.

आधी पद्धत समजून घेऊ. मोठ्या पक्षांत प्रायमरी होतात, म्हणजे राज्याराज्यांतले सामान्य मतदार पक्षातल्या इच्छुकांना मतं देतात. लहान पक्षांना ही सोय बहुतेक ठिकाणी नसते, म्हणून ते जुन्या वाटेनेच जातात. पक्षाची राष्ट्रीय समिती अधिवेशनाची तारीख आणि गाव ठरवते. राज्यशाखा प्रतिनिधी पाठवतात. हे प्रतिनिधी इच्छुकांची नावं सुचवतात, त्यांच्या बाजूने भाषणं करतात आणि मग मतदान होतं. निम्म्याहून जास्त मतं कोणालाच पडली नाहीत तर दुसरी फेरी, गरज पडली तर तिसरी. नाव एकच उरलं तर आवाजी मतदानाने मोकळे. त्याच अधिवेशनात पक्षाचा जाहीरनामाही मंजूर होतो, आणि बरेचदा तो उमेदवाराच्या आधी होतो. हा क्रम ध्यानात ठेवा, पुढे त्यावरून मोठा कलह झाला.

या प्रतिनिधींमध्ये पहिल्या अधिवेशनापासून स्त्रिया बरोबरीच्या नात्याने बसत होत्या. अमेरिकेतल्या सगळ्या राज्यांतल्या स्त्रियांना मताचा हक्क राज्यघटनेने दिला तो १९२० साली. त्याआधी जवळजवळ पन्नास वर्षं या पक्षात त्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारावर मत देत होत्या. नवऱ्याची मजुरी गुत्त्यात जाते हे ज्यांना रोज सोसावं लागत होतं, त्यांनाच या पक्षाने आत घेतलं. फ्रान्सेस विलर्ड यांच्या विमेन्स ख्रिश्चन टेम्परन्स युनियन या दारूविरोधी स्त्रियांच्या संघटनेने पक्षाला जे बळ दिलं ते यातूनच. पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ अमेरिकेत होत्या, तेव्हा त्या विलर्डबाईंना भेटल्या. त्या संघटनेचं काम रमाबाईंनी आपल्या मराठी प्रवासवर्णनात भरभरून लिहिलंय. म्हणजे मराठी वाचकाला या चळवळीची ओळख सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीच झालेली आहे.

सुरुवातीच्या उमेदवारांना मिळालेली मतं अगदी नगण्य. १८७२ मध्ये पेनसिल्व्हेनियाचे वकील जेम्स ब्लॅक यांना साडेपाच हजारांहून थोडी जास्त. १८८० मध्ये नील डाऊ यांना जेमतेम दहा हजार. डाऊ म्हणजे ज्यांच्या खटपटीमुळे मेन राज्यात १८५१ साली दारूबंदीचा कायदा झाला ते. इतकं मोठं नाव असूनही मतं मिळाली नाहीत. या काळात उमेदवार उभा करायचा तो विचार लोकांपर्यंत नेण्यासाठी. देशभर सभा घेता येतात, वर्तमानपत्रांत दोन ओळी येतात, एवढाच लाभ.

१८८४ मध्ये चित्र पालटलं. पिट्सबर्गच्या अधिवेशनाने जॉन सेंट जॉन यांना उमेदवारी दिली. हे कॅन्सस राज्याचे माजी गव्हर्नर, आणि मुळात रिपब्लिकन. त्यांच्याच कारकिर्दीत कॅन्ससने राज्यघटनेत दारूबंदी घातली होती. त्यांच्या निवडीमागचं गणित सरळ होतं. दारूबंदीला अनुकूल असलेला उत्तरेकडचा प्रॉटेस्टंट मतदार बहुतकरून रिपब्लिकनांचा. त्याला आपल्याकडे ओढायचा तर त्याच्या ओळखीचा, त्याच्या घरचा माणूस हवा. सेंट जॉन यांना देशभरातून सुमारे दीड लाख मतं मिळाली, त्यांतली जवळजवळ २५,००० एकट्या न्यूयॉर्क राज्यात. त्या राज्यात डेमोक्रॅट ग्रोव्हर क्लीव्हलँड यांनी रिपब्लिकन जेम्स ब्लेन यांना सुमारे ११०० मतांनी हरवलं. न्यूयॉर्क गेलं आणि त्याबरोबर ब्लेन यांची राष्ट्राध्यक्ष होण्याची संधीही गेली. आपल्याकडे निकालानंतर ‘अमक्याने मतं खाल्ली, तमका पडला’ असा हिशेब मांडतात, अगदी तसाच. ब्लेन यांच्या पराभवाला इतरही कारणं होती, पण रिपब्लिकनांचा सगळा राग निघाला तो सेंट जॉन यांच्यावर. ठिकठिकाणी त्यांचे पुतळे जाळले गेले.

लहान पक्षाच्या हातात खरी ताकद कोणती, ते त्या वर्षी कळलं: जिंकण्याची नाही, पाडण्याची. आणि पाडता येतं असं दिसलं की उमेदवाराच्या निवडीला एकदम वजन येतं.

१८९२ चे उमेदवार जॉन बिडवेल मला या सगळ्या यादीत सगळ्यांत जवळचे वाटतात. १८४१ साली बैलगाड्यांच्या तांड्याबरोबर कॅलिफोर्नियात पोचलेले हे गृहस्थ पुढे चिको गावाजवळचे मोठे जमीनदार झाले. शेतात वाइनच्या द्राक्षांचे मळे होते. दारूच्या विरोधात मन ठाम झालं तेव्हा त्यांनी वाइनचे वेल मुळासकट उपटून टाकले आणि खाण्याची, बेदाण्याची द्राक्षं ठेवली. नाशिक-सांगलीकडच्या शेतकऱ्याला याचा अर्थ वेगळा सांगायला नको. द्राक्षबाग उभी करायला किती वर्षं जातात आणि किती पैसा ओतावा लागतो ते तो जाणतो. पिकत्या बागेवर स्वतःच कुऱ्हाड चालवणाऱ्या माणसाला वेगळं भाषण करावं लागत नाही. बिडवेल यांना सुमारे २,७०,००० मतं पडली, एकूण मतांच्या २.२ टक्के. एवढी मतं या पक्षाच्या उमेदवाराला पुन्हा कधीच मिळाली नाहीत.

आणि पुढच्याच खेपेला पक्ष फुटला.

१८९६ ला पुन्हा पिट्सबर्ग. तोवर पक्षात दोन तट पडले होते आणि त्यांची नावं होती ब्रॉडगेजवाले आणि नॅरोगेजवाले. बार्शी लाइट आणि माथेरानची गाडी ठाऊक असलेल्या आपल्या वाचकाला ही उपमा लगेच समजेल. ब्रॉडगेजवाल्यांचं म्हणणं असं की जाहीरनाम्याचे रूळ रुंद करा. स्त्रियांचा मताधिकार घ्या, त्या काळात पेटलेला चांदीच्या नाण्यांचा प्रश्न (सरकारने सोन्याबरोबर चांदीचीही नाणी मुक्तपणे पाडावीत की नाही, हा वाद) घ्या, शेतकरी-कामगारांचे प्रश्न घ्या. नुसत्या दारूबंदीवर पक्ष वाढणार नाही. नॅरोगेजवाले म्हणत, रूळ अरुंदच ठेवा. चांदीवर तोंड उघडलं की निम्मे लोक दुरावतील. दारूबंदीवर आपण सगळे एक आहोत, तेवढ्यावरच राहू.

मघाशी म्हटलं तो क्रम इथे आडवा आला. जाहीरनामा आधी होता. अधिवेशनाने दारूबंदीपुरताच जाहीरनामा मंजूर केला आणि ब्रॉडगेजवाले उठून बाहेर पडले. त्यांत खुद्द सेंट जॉन होते. बाहेर पडलेल्यांनी नॅशनल पार्टी नावाचा वेगळा पक्ष काढून चार्ल्स बेंटली यांना उभं केलं. आत उरलेल्यांनी बाल्टिमोरचे व्यापारी जोशुआ लेव्हरिंग यांना उमेदवारी दिली. लेव्हरिंग यांना सुमारे १,३१,००० मतं पडली आणि बेंटली यांना १४,००० च्या आसपास. चार वर्षांत पक्षाची मतं निम्म्यावर आली. त्या वर्षी चांदीच्या प्रश्नाने सगळा देशच दुभंगला होता, त्यामुळे फूट पडली नसती तरी मतं घटली असती. पण माणसाच्या नावावर चर्चा सुरू होण्याआधीच उमेदवार अर्धा ठरलेला असतो, हे या अधिवेशनाइतकं स्वच्छ कुठे दिसत नाही. जाहीरनामा काय सांगतो त्यावरून त्यावर उभं राहायला कोण तयार होईल ते ठरतं.

पुढची वीसेक वर्षं भराभर सांगतो. दारूबंदीची खरी लढाई या पक्षाच्या हातून निसटून अँटी-सलून लीग या संघटनेकडे गेली. लीग स्वतः उमेदवार उभे करत नसे. डेमोक्रॅट असो वा रिपब्लिकन, जो दारूबंदीच्या बाजूने मत देईल त्याच्या पाठीशी ती उभी राही. त्याच जोडीला गावोगाव मतदान घेऊन दुकानं बंद करण्याचा मार्ग होता. आपल्याकडच्या ‘उभी बाटली, आडवी बाटली’ मतदानासारखाच. या दोन्ही वाटांनी अखेर राज्यघटनेची अठरावी दुरुस्ती झाली आणि १७ जानेवारी १९२० पासून देशभर दारूबंदी लागू झाली.

आता प्रसंग असा. पन्नास वर्षं ज्या एका गोष्टीसाठी पक्ष झटला ती गोष्ट पदरात पडली. त्याच वर्षी निवडणूक. उमेदवार उभा करायचा का, आणि कोणाला?

२१ जुलै १९२० ला नेब्रास्का राज्यातल्या लिंकन शहरात अधिवेशन भरलं. लिंकन हे विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांचं गाव. ब्रायन हे डेमोक्रॅट पक्षाचे तीन वेळचे राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार, देशातले सगळ्यांत नामांकित वक्ते आणि कट्टर दारूविरोधक. परराष्ट्रमंत्री असताना परदेशी राजदूतांना दिलेल्या मेजवानीत त्यांनी वाइनच्या जागी द्राक्षाचा रस ठेवला होता, त्यावरून वर्तमानपत्रांनी त्यांना सळो की पळो करून सोडलं होतं. महिन्याच्या सुरुवातीलाच सॅन फ्रान्सिस्कोत डेमोक्रॅटांचं अधिवेशन झालं होतं. दारूबंदीला बांधील राहू असा ठराव पक्षाने करावा म्हणून ब्रायन तिथे जीव तोडून बोलले आणि मोठ्या फरकाने हरले. डेमोक्रॅटांनी जेम्स कॉक्स यांना उमेदवारी दिली, जे दारूबंदीच्या बाबतीत मवाळ समजले जात.

म्हणजे एक थोर नेता स्वतःच्या पक्षात याच प्रश्नावर एकटा पडलेला, आणि त्याच्याच गावात दारूबंदी पक्षाचं अधिवेशन. प्रतिनिधींना काय वाटलं असेल ते उघड आहे. त्यांनी ब्रायन यांना एकमताने उमेदवारी देऊन टाकली.

ब्रायन यांनी ती नाकारली.

लहान पक्षाच्या निवडीतली ही सगळ्यांत नाजूक जागा आहे. मोठ्या पक्षाचं तिकीट मिळावं म्हणून माणसं आयुष्य खर्ची घालतात. लहान पक्षाला तिकीट घेऊन माणसाच्या दारात जावं लागतं, आणि दार उघडेलच असं नाही. बाहेरच्या मोठ्या माणसाच्या दृष्टीने पाहिलं तर त्याचंही चुकत नाही. ब्रायन डेमोक्रॅट पक्षात जन्मभर राहिलेले. तिथली हार पचवून आत राहिलं तर पुढे कधी शब्दाला किंमत असेल. या तिकिटावर उभे राहिले असते तर पक्षही गेला असता आणि निवडणूक तर हरायचीच होती.

मग अधिवेशनाने ॲरन वॉटकिन्स यांना निवडलं. ओहायोचे मेथडिस्ट धर्मोपदेशक. १९०८ आणि १९१२ अशा दोन निवडणुकांत याच पक्षाच्या तिकिटावर उपराष्ट्राध्यक्षपदासाठी लढलेले. आपल्या राजकारणात ज्याला सतरंज्या उचलणारा कार्यकर्ता म्हणतात, तो. आधी आयात नेत्याच्या पायघड्या, त्याने पाठ फिरवली की निष्ठावंताची आठवण, हे महाराष्ट्रात दर निवडणुकीत दिसतं. वॉटकिन्स यांनी मात्र मान ठेवला आणि ते लढले. त्यांना सुमारे १,८९,००० मतं पडली. मला ही मतं थोडी वाटत नाहीत. ब्रायन यांच्या नकारानंतर दुसऱ्या पसंतीचा म्हणून उभा राहिलेला माणूस, ज्याच्या पक्षाचं मुख्य काम झालेलं आहे, त्याला एवढ्या लोकांनी आठवणीने मत दिलं.

डिसेंबर १९३३ मध्ये एकविसाव्या दुरुस्तीने देशव्यापी दारूबंदी उठली. तिच्यातून गुन्हेगारी टोळ्या, हातभट्ट्या आणि भ्रष्टाचार माजला होता, आणि त्याचा डाग या पक्षाच्या नावाला कायमचा लागला. त्यानंतरही नामवंताचा शोध चालूच राहिला. १९४० मध्ये शेअर बाजाराच्या पडझडीचं भाकीत करून प्रसिद्ध झालेले रॉजर बॅबसन उभे राहिले. १९५२ मध्ये गाणारा काउबॉय म्हणून रेडिओवर गाजलेले स्टुअर्ट हॅम्बलेन उभे राहिले. हॅम्बलेन स्वतः दारूच्या व्यसनातून बाहेर पडलेले होते. त्यांना सुमारे ७३,००० मतं मिळाली. त्यानंतर मात्र पक्षाला देशपातळीवरचं ओळखीचं नाव मिळालं नाही.

इथे एक कायदेशीर बाब समजून घ्यायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. भारतात निवडणूक आयोग एक, नियम एक. लोकसभेला उभं राहायचं तर सर्वसाधारण उमेदवाराने २५,००० रुपये अनामत भरायची. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष एकच निवडायचा असला तरी मतपत्रिकेवर नाव छापण्याचे नियम पन्नास राज्यांचे पन्नास. मतदार तांत्रिकदृष्ट्या उमेदवाराला मत देत नाही, त्या उमेदवाराच्या नावाने मत देणाऱ्या ‘इलेक्टर’ मंडळींना देतो. त्यामुळे प्रत्येक राज्यात तेवढे इलेक्टर शोधून द्यावे लागतात. टेनेसीत अपक्ष म्हणून उभं राहायला २७५ सह्या आणि अकरा इलेक्टर पुरतात. लुइझियानात पाचशे डॉलर आणि आठ इलेक्टर दिले की नाव छापतात. काही मोठ्या राज्यांत मात्र हजारो सह्या गोळा कराव्या लागतात, आणि एकेक सही मतदारयादीशी ताडून पाहिली जाते. लहान पक्षाचं सगळं बळ यातच खर्च होतं. म्हणून उमेदवार निवडताना ‘हा बोलतो कसा’ याच्या आधी ‘हा फिरेल का, सह्या आणेल का, पदरचे पैसे घालेल का’ हे विचारलं जातं.

१९८४ पासून २००० पर्यंत प्रत्येक निवडणुकीत उमेदवार एकच होता, अर्ल डॉज. राहणार कोलोरॅडो. पक्ष चालवणारेही तेच, उमेदवारही तेच. २००० मध्ये देशभरातून त्यांना अवघी २०८ मतं नोंदली गेली. २००३ मध्ये काही सभासदांनी त्यांच्याविरुद्ध उठाव केला. डॉज यांच्या बाजूच्या मोजक्या लोकांनी कोलोरॅडोत आपली सभा घेऊन त्यांनाच पुन्हा निवडलं. विरोधकांनी टेनेसीत वेगळं अधिवेशन भरवून जीन अमंडसन यांना निवडलं. अमंडसन हे निसर्गचित्रं काढणारे चित्रकार आणि धर्मोपदेशक. एका पक्षाचे दोन उमेदवार झाले. खरा कोण, हे अखेर मतपत्रिकेवरून दिसलं. २००४ मध्ये अमंडसन यांना १९०० च्या वर मतं पडली आणि डॉज यांना १४०. डॉज २००७ मध्ये वारले, मग दुफळीही संपली.

एका माणसाने पक्ष इतकी वर्षं धरून ठेवला म्हणून तो जिवंत राहिला, आणि त्याच माणसाने सोडला नाही म्हणून तो आकसला. डॉज यांच्याबद्दल मला या दोन्ही गोष्टी खऱ्या वाटतात.

म्हणून २०१५ चा तो फोनवरचा कॉल मला महत्त्वाचा वाटतो. घरात बसूनच निवड झाली, पण आता कोणत्याही राज्यातला सभासद तिथे हजर राहू शकत होता. प्रवासाचा, लॉजचा, सभागृहाचा खर्च नाही. त्याचा एक तोटाही आहे. समोरासमोर बसलं की इच्छुकाचा दम, तब्येत, पूर्वीचं बोलणं-वागणं हे सगळं पारखलं जातं. फोनवर ते निसटतं. २०२० च्या निवडणुकीसाठी पक्षाने आधी बिल बेज यांना निवडलं, त्यांनी माघार घेतली. मग कॉनी गॅमन यांना निवडलं, त्यांनी प्रकृतीच्या कारणाने नाव मागे घेतलं. शेवटी उपराष्ट्राध्यक्षपदासाठी निवडलेले फिल कॉलिन्स यांना वर सरकवण्यात आलं. गायक फिल कॉलिन्स यांच्याशी त्यांचा नावापलीकडे संबंध नाही.

हेजेस यांचं २०१६ मध्ये काय झालं तेही सांगतो. अर्कान्सॉ, कोलोरॅडो आणि मिसिसिपी या तीन राज्यांत त्यांचं नाव मतपत्रिकेवर छापून आलं. मतं पडली ५,६०० च्या वर, म्हणजे १८७२ मध्ये जेम्स ब्लॅक यांना पडली होती जवळजवळ तेवढीच. त्यांतली सुमारे ४,७०० एकट्या अर्कान्सॉची. या राज्यातल्या अनेक काउंट्यांमध्ये (काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा भाग) आजही दारूच्या दुकानाला परवानगी नाही, आणि ती बंदी तिथल्या लोकांनी मतदान करून ठरवलेली आहे.